अर्रोस्तिचीनी: मसाल्याचा डबा बंद ठेवून करायचं मटण

पहिल्यांदा घरी अर्रोस्तिचीनी केल्या तेव्हा मी मटणाला आलं-लसूण वाटून लावलं होतं. रात्रभर. वर दोन चमचे दहीही. इटलीतल्या पेस्कारा शहराहून नुकतीच परत आले होते. तिथल्या दोन वर्षांत जवळपास दर रविवारी हा पदार्थ खाल्ला होता, त्यात मिठाशिवाय काही नसतं हे डोळ्यांनी बघितलं होतं, तरी राहवलं नाही. व्हायचं तेच झालं. ते चिमुकले तुकडे रात्रभरात भिजून लिबलिबीत झाले, निखाऱ्यावर भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजायला लागले आणि लसूण करपून कडू झाला. कबाब म्हणावं तर कबाबही नाही. दीड किलो मटण घालवून जे शिकले, ते आता क्रमाने सांगते.

आधी हे आहे काय ते. इटलीच्या मधल्या पट्ट्यात, रोमच्या पूर्वेला, अब्रुझ्झो नावाचा प्रांत आहे. एका अंगाला आद्रियातिक समुद्र, दुसऱ्या अंगाला ग्रान सास्सोचे डोंगर. त्यांतलं सगळ्यात उंच शिखर कोर्नो ग्रांदे, २९१२ मीटर. या डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावर व्हिल्ला चेलिएरा, चिव्हितेल्ला काझानोव्हा, कार्पिनेतो देल्ला नोरा अशी छोटी छोटी गावं आहेत. तिथल्या मेंढपाळांचं हे खाणं. मेंढीच्या मांसाचे साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे, मधेमधे चरबी, बारीक लाकडी काडीवर एकमेकांना चिकटवून ओवायचे, अरुंद शेगडीवर भाजायचे, मीठ टाकायचं. झालं.

नाव अर्रोस्तिचीनी असं म्हणायचं, 'किनी' नाही. एकाच काडीला अर्रोस्तिचीनो म्हणतात, पण एकच काडी कुणी खात नाही, त्यामुळे हा शब्द फारसा कानावर पडत नाही. गावाकडच्या बोलीत अरुस्तेल्ले म्हणतात, आणि तेरामोच्या बाजूला स्पिदुच्ची.

कोकरू नव्हे, म्हातारी मेंढी

इंग्रजी मेनूकार्डावर याला सर्रास 'लॅम्ब' लिहिलेलं असतं, त्यामुळे लोक कोवळं कोकरू समजून येतात. कोकराच्याही काड्या मिळतात, मऊ असतात. मला त्या मिळमिळीत वाटतात. मूळ पदार्थ 'पेकोरा'चा, म्हणजे वय झालेल्या मेंढीचा, नाहीतर 'कास्त्रातो'चा, म्हणजे खच्ची केलेल्या मेंढ्याचा. त्यामागचं कारण कळलं की पुढच्या पायऱ्या आपोआप समजतात.

अब्रुझ्झोच्या मेंढपाळाची कमाई लोकर आणि दूध यांवर. दुधाचं पेकोरीनो चीज व्हायचं. दुभती मेंढी मारून खाणं म्हणजे चालतं दुकान मोडून खाणं. मग ताटात काय येणार? जिचं दूध आटलंय, जी कड्यावरून पडून जायबंदी झालीय, ती. तिचं मांस चिवट. चिवट मांसाला दोनच उपाय: तासन्‌तास शिजवा, नाहीतर इतकं बारीक कापा की दातांना त्रास होऊ नये. पहिल्या उपायातून 'पेकोरा अल्ला काल्लारा' हा कढईतला प्रकार आला, दुसऱ्यातून ह्या काड्या. म्हणजे एक सेंटिमीटर हे माप काही दिसायला छान म्हणून ठरलेलं नाही.

ही माणसं वर्षभर एका जागी नसायची. थंडी सुरू झाली की डोंगरावरून कळप खाली, दक्षिणेला पुलियाच्या मैदानात. उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा वर. जायच्या वाटांना 'त्रात्तूरो' म्हणतात. वाट कसली, गवताचा पट्टाच तो. मोठ्या त्रात्तूरोंची रुंदी तब्बल १११ मीटर ठरवून दिलेली होती. लाक्विलाहून फोज्जापर्यंतचा सगळ्यांत लांब त्रात्तूरो २४४ किलोमीटरचा. आरागॉनच्या आल्फोन्सो राजाने १४४७ मध्ये या कळपांवर कर घ्यायला वेगळं खातंच काढलं, ते १८०६ पर्यंत चाललं. इटली, ग्रीस आणि ऑस्ट्रियातल्या ह्या हंगामी स्थलांतराला २०१९ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

हे मला तिथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडेही आहेत असे लोक. दिवाळीनंतर घाटावरून कोकणाकडे उतरणारे धनगर, शेतात मेंढरं बसवून लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेणारे. त्याला एकच प्रश्न पडला: "तुमच्याकडे मेंढीच्या दुधाचं चीज कोण करतं?" कुणी नाही म्हटल्यावर त्याने इतक्या खेदाने मान हलवली की जणू माझ्या घरचंच दूध रोज ओतून देताहेत.

मटण आणताना

आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक ठिकाणी बोकडाचं. इथे ते चालणार नाही असं नाही, पण बोकडाला मेंढीची चरबी नाही, आणि या पदार्थात मसाल्याची जागा चरबीनेच घेतलेली असते. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांचं नशीब चांगलं. इथे 'बोल्हाईचं मटण' अशी पाटी असलेली दुकानं आहेत. वाडे बोल्हाईच्या देवीचे भक्त बोकड खात नाहीत, मेंढीचंच मटण खातात; त्यामुळे ते हमखास मेंढीचं असतं.

दुकानात गेल्यावर मात्र तुमचा गोंधळ उडणार नाही, खाटकाचा उडेल.

"मामा, मांडीचं द्या, बिनहाडाचं. फार कोवळं नको."

मामांनी सुरा खाली ठेवला. "कोवळं नको? ताई, आमच्याकडे सगळे कोवळंच मागतात."

"बारीक तुकडे करून काडीला लावायचंय. आणि चरबी टाकू नका, वेगळी बांधून द्या."

"चरबीचे पैसे नाही घेत," ते म्हणाले, आणि माझ्या तब्येतीची काळजी वाटल्यासारखं बघत राहिले.

चार माणसांसाठी पाऊण किलो बिनहाडाचं मांस आणि पाव किलो चरबी घ्या. मांडी नाहीतर खांदा. खांद्यात आतून चरबीच्या रेघा असतात, चव जास्त, पण पांढऱ्या शिरा काढत बसावं लागतं. पहिल्या वेळी मांडीच बरी. चरबी घट्ट, पांढरी असलेली बघा. पिवळट आणि उग्र वासाची नको. खाटकाकडून तुकडे करून आणू नका. तो रश्श्याच्या मापाने कापणार.

कापणं: खरं काम इथेच

घरी आल्यावर मटण पाण्याने धुऊन तसंच ओलं ठेवू नका. धुवायचंच असेल तर स्वच्छ फडक्याने अगदी कोरडं पुसा. ओलं मांस भाजत नाही, वाफवतं. मग मांस आणि चरबी वेगवेगळ्या ताटलीत पसरून फ्रीझरमध्ये पाऊण तास ठेवा. गोठवायचं नाही, बोटाने दाबल्यावर थोडं दबेल इतपत घट्ट करायचं. चरबी खोलीच्या उबेला सुरीला चिकटते, हा अनुभव एकदा घेतला की ही पायरी तुम्ही कधीच गाळणार नाही.

पांढऱ्या शिरा, पातळ पडदे सगळे काढून टाका. मग आधी एक सेंटिमीटर जाडीचे काप, कापांच्या तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्या, पट्ट्यांचे तुकडे. करंगळीच्या नखाएवढा तुकडा डोळ्यांसमोर ठेवा. चरबीचे तुकडे मांसापेक्षा किंचित पातळ. एक किलोला मला तासभर लागतो, आणि मी काही हळू नाही. दोघं बसलात तर गप्पांत होऊन जातं. अब्रुझ्झोतही घरोघरी हे टेबलाभोवती बसूनच होतं, आणि ज्याच्या काड्या वाकड्या त्याला जेवण होईस्तोवर बोलणी खावी लागतात.

तिथे यासाठी 'कूबो' नावाचा एक डबा मिळतो. त्यात मांसाचे आणि चरबीचे काप थरावर थर रचायचे, झाकणाच्या भोकांतून काड्या खाली खुपसायच्या आणि डब्याच्या चिरांमधून लांब सुरी फिरवायची. एका दमात शंभर काड्या. लग्नकार्याला सोय उत्तम. पण कूबोतल्या आणि कारखान्यातल्या काड्या सगळ्या एकसारख्या, कंपास लावल्यासारख्या चौकोनी. हाताने केलेल्यांत एक तुकडा मोठा, एक लहान. लहान कुरकुरीत होतो, मोठा आतून रसाळ राहतो. तिथल्या दुकानांवर 'फात्ती आ मानो', म्हणजे हाताने केलेले, अशी पाटी मिरवतात, त्यांचा भावही जास्त असतो. त्या अभिमानात मला तथ्य वाटतं.

ओवणं

बांबूच्या बारीक काड्या घ्या, साधारण २५ ते ३० सेंटिमीटरच्या. जाड सळया नकोत, तुकडा फाटतो. काड्या अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा.

तीन-चार तुकडे मांस, एक चरबी, पुन्हा मांस. शेवटचा तुकडा मांसाचा, आणि काडीचं टोक त्याच्यात जेमतेम झाकलेलं. बाहेर राहिलं तर तेवढंच जळतं. मांस काडीच्या टोकाकडच्या दहाएक सेंटिमीटरमध्येच यायला हवं, बाकी काडी हातात धरायला मोकळी. तुकड्यांमध्ये फट ठेवायची नाही. आपल्याला टिक्क्याची सवय, तिथे आपण सुटसुटीत लावतो; इथे उलट, गजऱ्यातल्या फुलांसारखं गच्च. फट राहिली की प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी सुकतो. चिकटून असले की चरबी वितळून शेजाऱ्याला मिळते.

एका काडीवर साधारण २५ ग्रॅम बसतं, म्हणजे किलोत चाळीस काड्या. माणशी दहा. झाकून फ्रीजमध्ये ठेवा, त्याच दिवशी भाजा. मीठ अजून नाही. मसाला तर नाहीच. रोझमेरी, लिंबू, ऑलिव्ह तेल, काहीही नाही. 'थोडंसं तिखट भुरभुरवू का' असं मनात येईल. मसाल्याचा डबा कपाटात ठेवा आणि कपाट लावून घ्या.

शेगडी

अब्रुझ्झोत या एकाच पदार्थासाठी वेगळी शेगडी असते, 'फोर्नाचेल्ला'. दिसायला पागोळीच्या पन्हाळीसारखी: लांबलचक, अरुंद, पायांवर उभी. रुंदी एवढीच की मांस निखाऱ्यांवर येतं आणि काडीचा रिकामा भाग बाहेर राहतो. म्हणून काडी जळत नाही आणि नुसत्या हाताने उलटता येते. जाळी नसतेच, काड्या दोन कडांवर टेकतात.

घरी हे चार-सहा विटांत होतं. लोखंडी घमेलं किंवा जाड ट्रे घ्या, त्यात विटांच्या दोन समांतर ओळी मांडा, मधे नऊ सेंटिमीटर जागा. निखारे त्या खाचेत. विटा आदल्या दिवशी भिजलेल्या नसाव्यात, तापल्यावर तडकतात. कुणी सुचवेल की छपराच्या पत्र्याची पन्हाळ कापून घे, अगदी तोच आकार आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्रा अजिबात नको. त्यावरचा जस्ताचा थर तापला की त्याचा धूर अंगाला बाधतो. आणि शेगडी गच्चीत किंवा अंगणात, बंद खोलीत कधीच नाही.

लाकडी कोळसा पेटवा आणि थांबा. कोळशांवर करडी राख धरेपर्यंत, ज्वाळा पूर्ण विझेपर्यंत. यालाच अर्धा तास जातो आणि इथेच पाहुणे भुकेने कावून "आता टाका ना" म्हणायला लागतात. त्यांच्या हातात पाव द्या. तळहात मांसाच्या उंचीवर धरून बघा: तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर आच बरोबर आहे.

भाजणं

फ्रीजमधून काड्या पंधरा मिनिटं आधी काढा. दहा-बारा काड्या शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून ठेवा. चरबी ठिबकायला लागली की भडका उडेल. पाणी शिंपडू नका, राख उडून मांसाला चिकटते. काड्या खाचेतच दुसऱ्या टोकाला सरकवा, भडका आपला आपण बसतो. मला तर वाटतं पन्हाळ लांब असते ती एवढ्यासाठीच.

दोन-तीन मिनिटांनी खालची बाजू तांबूस झाली की दोन्ही हातांनी मूठभर काड्या एकदम उचला आणि उलटा. एकेक उलटत बसलात तर शेवटची करपणार. उलटल्यावर भाजलेल्या बाजूवर बारीक मीठ. पुन्हा दोन-तीन मिनिटं, उलटा, दुसऱ्या बाजूला मीठ. पाच-सहा मिनिटांत काम संपायला हवं. आधी मीठ लावलं असतं तर एवढ्या बारीक तुकड्यातला रस बाहेर आला असता, म्हणून ते शेवटी.

कडा गडद तपकिरी, चरबीचे तुकडे काचेसारखे पारदर्शक आणि टोकांना कुरकुरीत, दाबल्यावर मांस किंचित लवचिक. याच्या पुढे एक मिनिट गेलं तरी म्हातारी मेंढी सूड उगवते.

फ्लॅटमध्ये कोळसा शक्यच नसेल तर बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, तेल न घालता काड्या टाका, खिडक्या उघडा आणि शेजारी शाकाहारी असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा. मेंढीच्या चरबीचा वास लपत नाही. चव सत्तर टक्के येते. ओव्हनमध्ये करू नका, ते सुकं चिंगूट होतं.

खाताना

पहिल्यांदा मला घरमालकांनी जेवायला बोलावलं तेव्हा टेबलावर मधोमध मातीचा उंच जग, त्यात काड्यांचा जुडगा, वर अॅल्युमिनियमची फॉइल. मी पाहुण्यासारख्या चार घेतल्या. घरमालकीणबाईंनी न विचारता आणखी सहा माझ्या ताटलीत ठेवल्या. दहापासून सुरुवात होते, वीस ही नेहमीची गोष्ट, आणि तिशी गाठणारे आजोबा मी पाहिलेत.

काटा-चमचा नाही. काडी आडवी धरायची, दातांत तुकडा पकडायचा आणि काडी बाजूला ओढायची. सुरीने तुकडे सोडवून ताटात घेणाऱ्याकडे तिथे फार दयेने बघतात. आणि लगेच खायचं. मेंढीची चरबी जरा निवली की थिजते, टाळूला मेणासारखी चिकटते. म्हणून सगळ्या चाळीस एकदम भाजून मांडू नका. दहा-दहाचे घाणे काढा, फॉइलमध्ये गुंडाळून आणा. भाजणारा माणूस उभ्या उभ्या खातो, त्याला तक्रार करायची सोय नसते. आमच्याकडे हे काम दर वेळी माझ्या भावाच्या गळ्यात पडतं.

सोबत जाड पाव, त्यावर ऑलिव्ह तेल, बस. पेयात तांबडी मोन्तेपुल्चानो द'अब्रुझ्झो. मोन्तेपुल्चानो नावाचं गाव तोस्कानात आहे, तिथली प्रसिद्ध वाइन निराळी, ती सांजोव्हेझे द्राक्षांची. अब्रुझ्झोत मोन्तेपुल्चानो हे द्राक्षाच्या जातीचं नाव आहे. वाइन नको असेल तर गोडसर लिंबू-सोडा. जुने लोक वाइनमध्येही तो मिसळतात.

तिकडे जाणार असाल तर

रोमहून पेस्काराला बस जाते, रस्ता साधारण दोनशे किलोमीटरचा. पण काड्यांसाठी शहरात थांबू नका. गाडी मिळाली तर काम्पो इम्पेरातोरेला जा, ग्रान सास्सोतलं सुमारे १८०० मीटर उंचीचं विस्तीर्ण पठार. झाडं जवळपास नाहीत, वारा भरपूर, उन्हाळ्यात मेंढ्यांचे कळप. १९४३ मध्ये मुसोलिनीला इथल्याच हॉटेलात कैदेत ठेवलं होतं आणि जर्मन सैनिकांनी ग्लायडर उतरवून त्याला सोडवून नेलं.

पठाराच्या कास्तेल देल मोन्तेकडच्या बाजूला फोंते व्हेतिका नावाची जागा आहे. तिथे खाटकाकडून कच्च्या काड्या, पाव, पेकोरीनो विकत घ्यायचं आणि बाहेर मांडलेल्या शेगड्यांवर आपलं आपण भाजायचं. शेजारची अनोळखी माणसं न विचारता सल्ले देतात, हातातून काड्या घेऊन उलटूनही देतात. ऑगस्टच्या रविवारी शेगडीवर जागा मिळवणं म्हणजे गणपतीत लोकलमध्ये जागा मिळवणं; सकाळी अकराला पोचा. हिवाळ्यात बर्फामुळे वरचा रस्ता बंद असतो.

मागताना आकडा आणि प्रकार सांगायचा. 'व्हेंती' म्हणजे वीस, 'त्रेंता' तीस. 'दी पेकोरा' मेंढीच्या, 'दी फेगातो' काळजाच्या. काळजाच्या काड्यांत मधे कांद्याच्या पाकळ्या ओवतात; आपल्या कलेजीच्या भक्तांनी पाच तरी घ्याव्यातच. गोमांस न खाणाऱ्यांनी 'पेकोरा' असल्याची खात्री करून घ्या, कारण हल्ली दुसऱ्या मांसाच्याही काड्या याच नावाने विकल्या जातात.

उरल्या तर

कच्च्या काड्या फ्रीझरमध्ये चांगल्या राहतात. खायच्या आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवायच्या. भाजलेल्या मात्र पुन्हा गरम केल्या की चामडं होतं. मी त्या दुसऱ्या दिवशी काडीवरून सोडवते, कांदा-खोबरं भाजून वाटण करते, त्यात मटण टाकून अर्धा तास झाकण ठेवते आणि भाकरी थापायला घेते. निखाऱ्याचा वास रश्श्यात उतरतो. पेस्काराच्या घरमालकीणबाईंना एकदा फोनवर हे सांगितलं. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग विचारलं, "पण ताज्या असताना तर नाही ना घातलास मसाला?"